एडना लॅथ्रॉपची इंजिन रूम

११ मे २०२५, रविवार. नोव्हाय, अमेरिका

माझी डाइव्हची नोंदवही सत्तेचाळिसाव्या पानावर थांबली आहे. पुढची पानं कोरी आहेत, म्हणून हे त्यांच्यावर लिहितो. समुपदेशक बाई म्हणाल्या, रोज लिहायलाच हवं असं नाही, काही घडेल तेव्हा लिहा आणि कुणाला दाखवू नका.

आधी जे घडून गेलं ते लिहून टाकतो. १४ सप्टेंबर २०२४ ला सुशांत गेला. लेक ह्युरॉनमध्ये, एकशे तीस फुटांवर, एडना लॅथ्रॉप नावाच्या बुडालेल्या मालवाहू जहाजाच्या इंजिन रूममध्ये. मी त्याचा बडी होतो, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार. तो कॅमेरा घेऊन आत गेला, मी दारात होतो. गाळ उसळला आणि दिसायचं बंद झालं. मी दारात आठ मिनिटं थांबलो, टॉर्च मारत राहिलो. माझी हवा मर्यादेपर्यंत आली तेव्हा वर आलो. रिपोर्टमध्ये हेच आहे.

सुशांत पुण्याचा, मी नागपूरचा. अकरा वर्षं एका कंपनीत एका मजल्यावर होतो. तो ब्रेकवर काम करायचा, मी आवाजावर. गाडीत कुठे खडखड होते, कुठे किरकिर होते, ते कानानं आणि मायक्रोफोननं शोधायचं, हा माझा धंदा. डाइव्हिंगचं वेड त्याचं. सायप्रसजवळ झेनोबिया नावाची बोट बुडालेली आहे, तिच्या पोटात शंभरावर ट्रक अजून आहेत, ते त्याला बघायचे होते. ऑक्टोबरची तिकिटं काढली होती. एडना म्हणजे त्याची नेट प्रॅक्टिस होती.

आज शाळेच्या हॉलमध्ये बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम झाला. उद्या सोमवार, म्हणून आजच केला. शंभरेक माणसं होती. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, म्हणजे खोटं न बोलण्याच्या, मला खोकल्याची उबळ आली. हॉलमधला एसी फार थंड ठेवतात.

घरी आल्यावर सुशांतच्या बायकोचा, कादंबरीचा फोन आला. सुशांत गेल्यापासून तिने स्वतःहून केलेला हा पहिलाच. म्हणाली, त्याचा कॅमेरा अजून खालीच आहे, ज्यांनी त्याला वर आणलं त्यांना गाळात तो सापडला नाही. तू आणशील का?

मी हो म्हणालो. माझ्या बायकोला, मोनालीला, अजून सांगितलेलं नाही.

१८ मे, रविवार

कादंबरीकडे जाऊन आलो. घर तसंच आहे. सुशांतचे पोहायचे चष्मे गॅरेजच्या खिळ्याला टांगलेले आहेत. त्यांची मुलगी नीना बारा वर्षांची झाली, पण आता शाळेच्या स्विमिंग पूलमध्येही उतरत नाही. मला हाय काका म्हणून वर निघून गेली.

कादंबरीने पोहे केले होते. माझ्यासमोर बसली आणि सगळं पुन्हा सांग म्हणाली. मी सांगितलं. किती वेळ थांबलास, तिने विचारलं. मी पाच-सहा मिनिटं म्हणालो. बोलण्याच्या ओघात निघून गेलं, आठच बरोबर आहे. तिने चहा ओतला आणि विचारलं, "तुला काही ऐकू आलं नाही?"

मी तिला समजावलं की पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगानं जातो, दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच आदळतो, त्यामुळे दिशा कळत नाही. बराच वेळ समजावलं, कागदावर आकृतीसुद्धा काढली.

तिने दिशा विचारलीच नव्हती, हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं.

७ जून, शनिवार

अठ्ठेचाळिसावी डाइव्ह. पूर्ण झाली नाही.

पहाटे निघून साडेनऊला धक्क्यावर पोचलो. बोट त्याच कॅप्टनची, वॉल्टची. त्याने माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. आता माझा बडी निहार आहे. डाइव्हिंग क्लबात शिकवतो, बत्तीस वर्षांचा असेल, मुंबईचा, फार नेमका मुलगा. त्याला सगळं माहीत आहे. बोटीवर त्याने मला दोनदा विचारलं की नक्की करायचंय ना.

पिवळ्या बोयापासून एक दोर खाली जहाजाच्या मागच्या टोकाशी बांधलेला आहे. तो धरून उतरायचं. वरचं पाणी हिरवं होतं, पन्नास फुटांच्या खाली करडं झालं, आणि गार इतकं की ओठ बधिर झाले. सत्तर फुटांवर जहाज अजून दिसत नव्हतं. फक्त आपल्या खाली काहीतरी मोठं पडून आहे हे जाणवत होतं, जसं अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकल्यावर कपाट आहे हे कळतं.

तिथे मला ठोकण्याचा आवाज आला. लोखंडावर लोखंड. तीन, मग थोडं थांबून तीन.

मी निहारला अंगठा वर करून दाखवला, म्हणजे परत चल. त्याने मान हलवली.

वर आल्यावर मी वॉल्टला म्हणालो की बोयाची साखळी जहाजावर आपटते, बघून घे. तो म्हणाला, साखळी गेल्याच वर्षी काढून टाकली, आता सगळा नायलॉनचा दोर आहे. मग बोटीची शिडी असणार. लाटेवर शिडी हलते.

निहारला विचारलं नाही.

१० जून, मंगळवार

मोनाली म्हणते, मी जेवताना चमचा ताटाच्या काठावर ठोकत बसतो, ती बंद कर म्हणाली की थांबतो आणि जरा वेळानं पुन्हा सुरू करतो. मला तर आठवत नाही. ती म्हणते, गेल्या दिवाळीपासून चाललंय.

२ जुलै, बुधवार

ऑफिसात एक टेस्ट गाडी आली होती, मागच्या चाकाजवळ टकटक होते अशी तक्रार. मी आत बसून फेरी मारली आणि मला आवाज लगेच सापडला, डावीकडे, मागच्या सीटखाली. सीट काढली, तिथे काही नव्हतं. मायक्रोफोनचा आलेख पाहिला, सपाट. बरोबरचा मुलगा म्हणाला, तक्रार उजव्या बाजूची होती आणि ती त्याने सकाळीच दुरुस्त केली आहे.

कानाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. डाइव्हिंगमुळे कानाच्या पडद्यावर दाब येतो, त्यामुळे असं होऊ शकतं.

१२ जुलै, शनिवार

एकोणपन्नासावी. आज दारापर्यंत गेलो.

कान ठीक आहेत असं डॉक्टर म्हणाले होते. निहार पुढे, मी मागे, दोराने सरळ खाली. नव्वद फुटांवर जहाज वर आलं. खरं तर मी खाली गेलो, पण वाटतं असं की तेच वर येतंय. एकशे दहा वर्षं झाली, धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडालं, तरी गोड्या गार पाण्यानं काही खाल्लेलं नाही. कठडे, शिड्या, झाकणं, सगळं जागच्या जागी. फक्त त्यावर शिंपल्यांचा जाड थर आहे. हात ठेवाल तिथे शिंपले, लाखो, सगळे किंचित उघडे.

इंजिन रूमचं दार मागच्या बाजूला आहे. दाराच्या उजव्या चौकटीवर एका ठिकाणी शिंपले नाहीत, तळहाताएवढी जागा मोकळी आहे. मी तिथेच धरून उभा होतो गेल्या वर्षी. ती जागा अजून भरलेली नाही.

मी आत टॉर्च मारला. प्रकाश चार-पाच फूट गेला आणि संपला. ठरल्याप्रमाणे पाच मिनिटं तिथे थांबायचं होतं आणि परत यायचं होतं. ती पाच मिनिटं फार लांब असतात. मला वाटलं होतं आवाज येईल, आणि तो आला. तीन, आणि तीन. अगदी जवळून.

निहारनं माझा दंड धरला आणि ओढलं. वर चढताना थांबे घ्यावे लागतात, शेवटचा वीस फुटांवर. तिथे त्याने माझ्या उजव्या हाताकडे बोट केलं. माझ्या हातात चाकू होता. पायाच्या म्यानातून मी तो कधी काढला, मला आठवत नाही.

बोटीवर ड्रायसूट उतरवताना निहार म्हणाला, "तू टँकवर का ठोकत होतास? मला वाटलं तुला काही प्रॉब्लेम झालाय."

मी म्हणालो, तो आवाज मला पण आला, जहाजातून आला. त्याने माझी टाकी फिरवून दाखवली. पिवळ्या रंगावर बारीक ओरखडे होते, चाकूच्या मुठीचे. ताजे.

डाइव्ह खोल असली की नायट्रोजनची नशा येते, माणूस काहीबाही करतो. पुस्तकात आहे हे.

२० जुलै, रविवार

मोनालीशी भांडण झालं. भांडण म्हणजे ती बोलली आणि मी ऐकलं. नोंदवही तिने वाचलेली नाही, पण निहारने तिला फोन केला होता, ते मला आवडलं नाही.

ती म्हणाली, "काहून जातो तू तिथं? कॅमेऱ्यासाठी जातो असं मला सांगू नको."

मी म्हणालो, कादंबरीला शब्द दिला आहे. ती म्हणाली, शब्द दिला असशील, पण गेल्या वर्षभरात तू तिच्यासमोर एकदाही पाच मिनिटं स्वस्थ बसलेला नाहीस, दरवेळी बोलत सुटतोस.

सुशांतच्या कॉम्प्युटरप्रमाणे, म्हणजे खोली, वेळ आणि हवा नोंदवणाऱ्या मनगटावरच्या, तो गाळ उसळल्यानंतर बावीस मिनिटं श्वास घेत होता. पोलिसांनी हे कादंबरीला सांगितलं आणि कादंबरीनं मला. आज दिवसभर हा आकडा डोक्यात आहे. बावीस मिनिटांत इथून ओक रोडच्या किराणा दुकानात जाऊन परत येता येतं.

९ ऑगस्ट, शनिवार

वारा होता, वॉल्टनं बोट कॅन्सल केली. मला बरं वाटलं. मग बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं. कादंबरीला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, "मी थांबते. तू सावकाश ये."

२३ ऑगस्ट, शनिवार. धक्क्यावर, दुपारी

पन्नासावी. आत्ताच लिहितो, घरी गेलो तर लिहिणार नाही.

निहारची अट होती की आत फक्त मी जाईन, तो दारात उभा राहील, आणि दर दहा सेकंदांनी त्याच्या टाकीवर एकदा ठोकेल. मी आतून एकदा ठोकून उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर तो दोरी धरून आत येणार. रीळ त्याच्या हातात, दोरी माझ्या मनगटाला. दर दहा फुटांवर दोरीला गाठ असते.

मी आत गेलो. डावीकडे इंजिन, दुमजली, काळं. तळाला गाळ पिठासारखा. पाय न हलवता बोटांनी भिंत धरून पुढे सरकत होतो. मागून निहारचं ठोकणं यायचं, मी उत्तर द्यायचो. माझ्या मनात होतं की तो दुसरा आवाज इथे येणार. तो आला नाही. आत अगदी शांत होतं. इतकं शांत की माझ्या श्वासाचा फुगा कुठवर जाऊन फुटतो तेही ऐकू येत होतं.

कॅमेरा एका पाइपमागे होता, पट्टा वर, बाकी गाळात. ओढला आणि गाळ उठला. हळूहळू सगळं तपकिरी झालं, मग टॉर्च तोंडासमोर धरूनही दिसेना. हेच झालं असणार. मी वर सरकलो, कारण गाळ वर कमी असतो, आणि डोक्याच्या वर मला चांदीसारखं काहीतरी दिसलं.

छताखाली हवा होती. डायनिंग टेबलाएवढी जागा, चारेक इंच जाड, खालून पाहिलं तर पाऱ्यासारखी चकचकीत. तिच्यात मला माझा मास्क दिसत होता. श्वास सोडला की फुगे वर जातात, आणि लोखंडी छत असलं तर तिथेच साठून राहतात. गार, न हलणाऱ्या पाण्यात ते लवकर विरघळत नाहीत. मी हात वर केला. बोटं त्या पाऱ्यातून आरपार गेली आणि पलीकडे कोरडी झाली. हातमोज्यातूनसुद्धा ते कळतं.

त्याची ती बावीस मिनिटं तिथे होती.

किती वेळ हात तसा ठेवला, माहीत नाही. मग निहारनं ठोकलं. मी उत्तर दिलं. त्यानं ठोकलं, आणि मी आवाजाकडे वळलो. काहीही दिसत नव्हतं, तरी आवाजाकडे जाणं इतकं सोपं होतं की मला हुंदका आला, श्वासाचा रेग्युलेटर तोंडात असताना. दिशा कळते. अगदी नीट कळते. कादंबरीसाठी काढलेली आकृती खोटी नव्हती, पण ठोकणं जवळ असेल आणि परत परत येत असेल तर माणूस तिकडे सरकत जातो, कमीजास्त होणारा आवाज त्याला नेतो. मी तर नोकरीच याची करतो.

बाहेर आलो तेव्हा दोरी मोजली. कॅमेरा होता तिथून दारापर्यंत एक गाठ आणि वर चार फूट. चौदा फूट.

आता लिहितो.

मी आठ मिनिटं थांबलो नाही. सहाही नाही. माझा त्या दिवशीचा कॉम्प्युटर बॅटरी गेली असं सांगून मी ड्रॉवरमध्ये टाकला, त्यात आकडा आहे. गाळ उसळल्यापासून मी वर निघेपर्यंत पन्नास सेकंद. माझ्या टाकीत अर्ध्याहून जास्त हवा होती. सुशांत आतून ठोकत होता. तीन आणि तीन, अजिबात घाई न करता, जसं आपण कुणाच्या दारावर ठोकतो. मला ऐकू येत होतं आणि ते कुठून येतंय हेही कळत होतं. माझा चाकू म्यानात होता. मला एकदा उलट ठोकायचं होतं, बस. पण मी उत्तर दिलं असतं तर मला तिथे थांबावं लागलं असतं, आणि मला तिथून निघायचं होतं. म्हणून मी ठोकलं नाही. दोर धरला आणि वर गेलो.

सत्तर फुटांपर्यंत मला आवाज येत होता.

कॅमेऱ्याच्या डब्यात पाणी गेलंय. निहारनं उघडला, आतून तपकिरी पाणी आलं, कार्ड गंजून चिकटलेलं. त्यात काही नाही. त्याने मला सांगितलं आणि पहिल्यांदा मला वाटलं ते हे, की आता कुणालाच कधी कळणार नाही. हलकं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी मोनालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, कादंबरीकडे एकटा जा, मी आले तर तू माझ्याकडे बघून बोलशील.

अकरा वाजता पोचलो. नीना मैत्रिणीकडे गेली होती. कादंबरीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरला, मी त्यावर कॅमेरा ठेवला. पाणी गेलंय, काही निघणार नाही, असं सांगितलं. तिने पट्ट्यावरचा गाळ बोटानं पुसला. तिथे सुशांतनं मार्करनं स्वतःचा फोन नंबर लिहिलेला आहे.

मी म्हणालो, मला दुसरं काही सांगायचंय. काल लिहिलं तसंच सांगितलं, त्याच क्रमानं. पन्नास सेकंद. अर्धी टाकी. तीन आणि तीन. ती खिडकीकडे बघत होती. शेजारी कुणीतरी लॉन कापत होतं, तो आवाज लांब जायचा आणि परत यायचा.

माझं झाल्यावर ती म्हणाली, "तू पोलिसांना आठ सांगितलंस. दिवाळीत मला दहा सांगितलंस. मे महिन्यात पाच-सहा. ज्याला आठवतं त्याचा आकडा असा बदलत नाही. मला एवढंच माहीत होतं. ठोकण्याचं माहीत नव्हतं."

मग तिने विचारलं, तो किती वेळ ठोकत होता. मी म्हणालो, मला ऐकू येत होतं तोपर्यंत. त्यानंतरचं मला माहीत नाही.

"घाबरला होता का?"

"ठोकण्यावरून नाही वाटलं. सावकाश ठोकत होता. त्याला वाटत असणार मी दारात आहे."

हे बोलायला नको होतं की बोलायलाच हवं होतं, मला अजून कळलेलं नाही. तिने दोन्ही हातांनी टॉवेलची कडा धरली आणि बराच वेळ धरून ठेवली.

मी उठायला हवं होतं. पण छताखालच्या हवेचं सांगितलं नसतं तर तेही एक खोटंच झालं असतं. ते सांगितलं. हेही सांगितलं की ती सगळी त्याचीच असेल असं नाही. जे त्याला न्यायला गेले त्यांचीही असेल, कालची माझीही त्यात मिसळली असेल, पण बराच भाग त्याचा असणार, कारण तिथे इतका वेळ दुसरं कुणी थांबलेलं नाही. मी त्यात हात घातला, हेही सांगितलं.

ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"कुठला हात?"

"उजवा."

तो टेबलावरच होता, कॅमेऱ्याशेजारी. ती त्याच्याकडे बघत राहिली. मी तो उचलू की तसाच ठेवू हे मला कळेना. लॉनचं मशीन बंद झालं. ती म्हणाली, उद्या पोलिसांना फोन कर, मी करणार नाही, तूच कर. आणि एक दिवस नीनालाही हे तुलाच सांगावं लागेल, मी सांगणार नाही. मी हो म्हणालो. मग ती म्हणाली, आता जा.

मी उठलो. बूट घालायला दाराशी वाकलो तेव्हा स्वयंपाकघर दिसत होतं. कादंबरी तिथेच बसली होती. कॅमेऱ्याला तिने हात लावलेला नव्हता. टेबलावर माझा हात होता त्या जागेवर तिने आपला तळवा पालथा ठेवला होता.